घरच्या सर्व्हरवर पंख्याची वॉर्निंग: रात्री ओरडणारा, दुपारी गप्प बसलेला फॅन-ए

पांढरंसोनं | १८ फेब्रुवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी मानवतची, जिल्हा परभणी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरी एक छोटा सर्व्हर आहे आणि आठ-दहा दिवसांपासून त्याच्या पंख्यानं सगळ्या घराची झोप घालवली आहे.

आधी मशीनबद्दल सांगते. सर्व्हरचा जुना बोर्ड सेकंडहँड घेतलाय, बीएमसी (बोर्डावरची देखरेख करणारी वेगळी चिप) असलेला, म्हणजे मॉनिटर न जोडता ब्राउझरमधून पंखे, तापमान, सगळं दिसतं. ४ टीबीच्या चार डिस्क, दोन-दोनच्या मिरर जोड्या (जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तेच साठतं), वर ट्रूनॅस ही साठवणीची प्रणाली. पंखे तीन: प्रोसेसरवरचा फॅन-१, मागचा हवा बाहेर टाकणारा फॅन-२ आणि डिस्कच्या पिंजऱ्यासमोरचा फॅन-ए. फॅन-२ आणि फॅन-ए एकाच मॉडेलचे, १२० मिलिमीटरचे, कमी आवाजाचे. डब्यावर कमाल वेग मिनिटाला १५०० फेरे आणि किमान ३०० लिहिलेला आहे.

त्यावर काय आहे तेही सांगते, म्हणजे माझा जीव का टांगणीला लागलाय ते कळेल. माझी आत्या जात्यावरच्या ओव्या म्हणायची. ती आणि गल्लीतल्या तिच्या सोबतिणी. वडिलांनी टेपरेकॉर्डरवर भरलेल्या ६१ कॅसेट मी दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवून संगणकावर घेतल्या. त्यातल्या दहा-बारा कॅसेटची फीत आता तुटलेली आहे, त्या पुन्हा वाजणार नाहीत.

त्रास असा: रात्री दोन-अडीचला सगळे पंखे एकदम पूर्ण वेगानं सुटतात. दहा-पंधरा सेकंद घोंघावतात, मग शांत होतात आणि मिनिटाभरानं परत तेच. पहाटेपर्यंत हेच चालतं. सासूबाई त्याच खोलीत झोपतात. दिवसा काही नाही. बीएमसीच्या लॉगमध्ये शेकडो ओळी पडल्यात, सगळ्या सारख्याच: फॅन-ए, लोअर क्रिटिकल, गोइंग लो, असर्टेड (म्हणजे वेग खालच्या मर्यादेखाली गेला, वॉर्निंग लागली). लगेच खाली डीअसर्टेड (वॉर्निंग उतरली). वाचन कधी ४००, कधी ३००. तापमानं सगळी हिरवी.

पंखा मरायला लागलाय का?

बालाघाट | १९ फेब्रुवारी, रात्री १२:०५

ताई, पंख्याला काही झालेलं नाही. मी अंबाजोगाईचा, माझ्याकडं असंच झालं होतं. बोर्डाची खालची मर्यादा जास्त असते आणि आपला शांत पंखा त्याच्याखाली फिरतो. मर्यादा काढून टाका, विषय संपला. शेलमध्ये हा आदेश द्या (उच्चाराप्रमाणं लिहितोय, टाइप करताना रोमनमध्ये करा): आयपीएमआयटूल सेन्सर थ्रेश फॅन-ए लोअर ० ० ०

पांढरंसोनं | १९ फेब्रुवारी, रात्री १२:३५

दिला. एकदम शांत झालं! दादा, मनापासून आभार. दहा दिवसांनी आज नीट झोपणार.

गोदाकाठ | १९ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

बालाघाट भाऊंचं निदान बरोबर वाटतंय, पण शून्य ठेवू नका ताई. आधी हे का होतं ते सांगतो, मग पटेल.

हे बोर्ड रॅकमधल्या पंख्यांसाठी बनवलेले असतात. ते पंखे मिनिटाला काही हजार फेरे घेतात. तसला पंखा ५०० च्या खाली आला म्हणजे तो थांबायलाच आलाय, असं बोर्ड बनवणाऱ्यानं धरलेलं असतं. तुमचा पंखा तर ३०० वरच निवांत फिरायला बनवलाय. रात्री खोली गार पडते, काम काही नसतं, बीएमसी पंखे हळू करतो. फॅन-ए मर्यादेखाली गेला की बीएमसीला वाटतं पंखा गेला. मग उरलेल्या पंख्यांनी तरी मशीन वाचावं म्हणून तो सगळेच पूर्ण सोडतो. पूर्ण सोडले की फॅन-एसुद्धा वेग घेतो, वॉर्निंग उतरते, पंखे परत हळू होतात, फॅन-ए परत खाली. हे चक्र पहाटेपर्यंत चालतं.

आता आदेशातले तीन आकडे. पहिला नॉन-रिकव्हरेबल, दुसरा क्रिटिकल, तिसरा नॉन-क्रिटिकल. तिन्ही शून्य केले की पंखा पूर्ण थांबला तरी वाचन शून्याच्या खाली जाऊच शकत नाही. म्हणजे वॉर्निंग कधीच येणार नाही. पहारेकरी बारक्या आवाजालाही भुंकत होता हे खरं, पण आपण त्याचं तोंडच बांधलंय.

० १०० २०० असे ठेवा. डब्यावरच्या ३०० मध्ये वीस टक्के इकडंतिकडं धरतात, म्हणजे तो २४० पर्यंत खाली जाऊ शकतो. शिवाय बऱ्याच बीएमसीमध्ये वेग एका बाइटच्या तोकड्या जागेत साठवतात, त्यामुळं वाचन शंभराच्या पायऱ्यांनीच दिसतं, २४० चं २०० दिसेल. क्रिटिकल १०० वर असला की थांबलेला पंखा नक्की पकडला जाईल.

आणि मर्यादा बदलायच्या आधी एक कसोटी करायची असते, ती राहिली. बीएमसीत पंख्यांचा मोड फुल करा, दोन मिनिटं थांबा, तिन्ही वाचनं इथं टाका. फॅन-२ आणि फॅन-ए एकाच मॉडेलचे आहेत, तुमचं नशीब चांगलं, तुलना आयती मिळेल.

पांढरंसोनं | १९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:५०

समजलं दादा. इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी दोन्ही करते.

नवखा_हिंगोली | २ मार्च, दुपारी ४:१५

माझ्याकडं साधा डेस्कटॉप बोर्ड आहे, बीएमसी नाही. मला पंख्याचे वेग कुठं दिसतील?

गोदाकाठ | २ मार्च, रात्री ८:००

लिनक्स असेल तर एलएम-सेन्सर्स हा प्रोग्राम टाका, सेन्सर्स-डिटेक्ट हा आदेश एकदा चालवा, मग नुसतं सेन्सर्स. चालू करतानाच सीपीयू फॅन एरर येऊन थांबत असेल तर आधी बघा पंखा सीपीयू फॅनच्याच पिनांवर लावलाय का. बऱ्याचदा तो शेजारच्या पिनांवर असतो.

पांढरंसोनं | ९ एप्रिल, दुपारी ३:२०

मंडळी, मी परत आले आणि घाबरलेली आहे.

रविवारी करते म्हणाले होते, केलं नाही. वार्षिक परीक्षा, पेपर तपासणी, त्यात राहून गेलं. आवाज बंद होता म्हणून मनातूनच गेलं.

आमचं घर जुनं, माळवदाचं. सर्व्हर आतल्या खोलीत मोठ्या देवळीत ठेवलाय. आज दुपारी देवळीच्या कडेची कुंकवाची पितळी डबी उचलली तर हाताला गरम लागली. चुलीजवळची भांडी लागतात तशी. डिस्कची तापमानं बघितली: ५६, ५८, ५८, ५५. फॅन-ए चं वाचन ०. आणि वॉर्निंग एकही नाही. लॉग फेब्रुवारीपासून कोरा.

टॉर्च धरून बघितलं तर पातं थरथरतंय, एक बोटभर पुढं येतं, मागं जातं, फिरत नाही. काय करू? बंद करू का?

गोदाकाठ | ९ एप्रिल, दुपारी ३:२६

हो, आत्ताच. नीट शटडाउन द्या, बटण दाबून ठेवू नका. प्लग काढा, बाजूचं झाकण उघडून तासभर गार होऊ द्या. पंख्याला अजून हात लावू नका, आधी फोटो काढा.

ओव्यांची दुसरी प्रत कुठं आहे?

पांढरंसोनं | ९ एप्रिल, दुपारी ३:४१

बंद केला. दुसरी प्रत नाही. मिरर आहे म्हणून वाटलं पुरेसं आहे.

गोदाकाठ | ९ एप्रिल, दुपारी ३:५५

मिररमधल्या दोन्ही डिस्क एकाच देवळीत एकाच वेळी भाजत होत्या, ताई. संध्याकाळी गारव्याला चालू करा, समोर टेबलफॅन लावा आणि पहिलं काम म्हणजे ओव्या एका यूएसबी डिस्कवर उतरवा. ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा, माहेरी किंवा भावाकडं. पंखा उद्या.

बालाघाट | ९ एप्रिल, दुपारी ४:३०

ताई, शून्याचा आदेश मी दिला होता. माझ्या मशीनवर पंखा नवा होता म्हणून निभावलं. तुमचा पंखा किती जुना आहे, कुठं आहे, काही न विचारता सांगितलं, हे चुकलं. माफ करा. माझ्या बोर्डावरचे शून्य आत्ता जाऊन बदलले.

पांढरंसोनं | १० एप्रिल, सकाळी ८:०५

बालाघाट दादा, दुसऱ्याच दिवशी नीट आकडे मिळाले होते आणि आळस मी केला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

रात्री सगळ्या ओव्या यूएसबी डिस्कवर उतरल्या. दीड वाजेपर्यंत बसले होते. भाऊ परभणीला घेऊन जातोय.

आता पंखा. सकाळी उजेडात काढला. पात्यांच्या पुढच्या धारेवर करडी धूळ, ती सगळीकडं असतेच. पण मधल्या बुडख्यामागं, जिथं पातं आणि चौकटीमध्ये नखभर फट असते, तिथं पांढरट वेढा होता. चिमट्यानं टोक धरून ओढलं तर तुटेना, उलगडत आलं. वातीसारखं पिळलेलं होतं. बोटावर घेतलं तर पाच-सहा वेढे झाले. आतल्या बाजूनं तेलकट, काळपट. हा कापूस आहे! आमच्या घरामागं रस्त्यापलीकडं जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना) आहे.

दुधना | १० एप्रिल, सकाळी १०:३०

ताई, मी सेलूचा, जिनिंगच्या ऑफिसात संगणक सांभाळतो. तुमचं वाचून लगेच ओळखलं. आमच्याकडं याला पंख्यानं वात वळली म्हणतात.

दिवाळीनंतर कापूस यायला लागतो, मार्चपर्यंत जिन चालतात. डबल रोलर जिनवर सरकी खाली पडते, रुई पुढं जाते आणि तुटके बारीक तंतू हवेत राहतात. उन्हात बघितलं तर कवडशात तरंगताना दिसतात. साधी धूळ पात्यावर बसते, झटकली की जाते. तंतूचं तसं नाही. तो हवेबरोबर येतो, फिरत्या आसाला चिकटतो आणि आस त्याला स्वतःभोवती गुंडाळून घेतो. एकावर दुसरा. शेवटी तो बेअरिंगच्या तोंडाशी जाऊन तेल शोषतो, दिव्याच्या वातीसारखंच. तेल गेलं की बेअरिंग कोरडं.

म्हणजे रोग हिवाळ्यात लागतो आणि दिसतो उन्हाळ्यात, जेव्हा पंख्याला खरंच जोरात फिरायचं असतं तेव्हा. आम्ही संक्रांतीला एकदा आणि हंगाम संपल्यावर एकदा, असे दोनदा सगळे पंखे उघडतो.

साफ करताना पातं बोटानं धरून ठेवा. ब्लोअरचा झोत सोडला की पंखा त्याच्या कमाल वेगापेक्षा जोरात भिरभिरतो, बेअरिंग बिघडतं आणि मोटार उलटी वीज बनवून बोर्डाकडं पाठवू शकते. काढून साफ केला तर उत्तमच.

तूर_लातूर | १० एप्रिल, दुपारी १:००

मी लातूरला पंखे, मोटारी दुरुस्त करतो. वेढा काढल्यावर हातानं फिरवून बघा ताई. चांगला पंखा हलकेच फिरून सावकाश थांबतो. खर्रकन थांबला, किंवा एकाच जागी अडून मागं झोका घेतला, तर बेअरिंग गेलं समजा. लोक शिवणयंत्राचं तेल सोडतात. महिनाभर चालतं, मग ते तेल धूळ धरतं आणि आधीपेक्षा वाईट होतं. डिस्कसमोरच्या पंख्यावर हा उपाय करू नका.

पांढरंसोनं | १० एप्रिल, संध्याकाळी ७:१५

साफ करून परत लावला. आज मात्र फुल मोडची कसोटी केली. दोन महिने उशिरा.

फॅन-२: १५००. फॅन-ए: ८००, आणि दळण दळल्यासारखी घरघर.

म्हणजे गेलाच ना?

गोदाकाठ | १० एप्रिल, रात्री ८:४०

गेला. बोर्ड शंभर टक्के हुकूम देतोय, जुळा भाऊ १५०० देतोय आणि हा ८००. यापेक्षा सरळ पुरावा नाही. डब्यावरच्या कमाल वेगात दहा टक्के कमी-जास्त चालतं, अर्धं चालत नाही. नवा मागवा. तोपर्यंत मागचा फॅन-२ काढून डिस्कसमोर लावा, तिथं त्याची गरज जास्त आहे. मागं झाकणाची जाळी उघडी राहिली तरी आठवडा निघेल. दुपारी बारा ते पाच मशीन बंदच ठेवा.

आता मागं वळून बघू या, कारण हे पुढं बऱ्याच जणांना लागणार आहे. वॉर्निंग कधी येते यालाच अर्थ असतो. रात्री, गारव्यात, काम नसताना येत असेल तर पंखा मुद्दाम हळू केलेला असतो आणि दोष बहुधा मर्यादेचा. भर दुपारी, किंवा डिस्क तपासणी चालू असताना, म्हणजे पंख्यानं वेगात असायला हवं त्या वेळी कमी वेगाची वॉर्निंग आली, तर मर्यादेला हात लावायचा नाही. झाकण उघडायचं. तुमच्याकडं फेब्रुवारीत पहिला दोष होता, पण वात तेव्हाही वळत होतीच. फेब्रुवारीतच फुलवर घातला असता तर १५०० च्या जागी १२००-१३०० दिसला असता, असा माझा अंदाज आहे.

हिमायतबाग | ११ एप्रिल, सकाळी ११:२०

संभाजीनगरहून. ताईंना थोडा धीर देतो. गूगलनं २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात तापमान वाढलं की डिस्क मरतात असं सरळ नातं दिसलं नाही, उलट फार गार डिस्क जास्त बिघडलेल्या दिसल्या. बऱ्याच डिस्कच्या माहितीपत्रकात ६० पर्यंत चालेल असंच लिहिलेलं असतं. ५८ म्हणजे लगेच सगळं संपलं असं नाही.

गोदाकाठ | ११ एप्रिल, दुपारी १२:४५

अभ्यास खरा आहे, पण त्याचा उरलेला भागही सांगू या. फार वरच्या तापमानाला बिघाड वाढलेले त्यातही दिसले. आणि तीन-चार वर्षं जुन्या डिस्कमध्ये तर तापमान आणि बिघाड यांचं नातं जास्त स्पष्ट होतं. ताईंच्या डिस्क किती जुन्या आहेत? शिवाय तिथल्या डिस्क डेटा सेंटरच्या थंड हवेत होत्या. मानवतच्या एप्रिलमध्ये देवळीत बंद असलेली डिस्क त्या तक्त्यात कुठं बसेल ते मला सांगता येत नाही. मी पन्नासच्या आत ठेवायला बघतो.

हिमायतबाग | ११ एप्रिल, दुपारी १:३०

मान्य. जुन्या डिस्कचा मुद्दा मी सोडला होता. ताई, स्मार्टसीटीएल या डिस्क तपासणाऱ्या आदेशानं चारही डिस्कची लांब तपासणी करून घ्या, पण गारव्याला, रात्री. रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या) आणि पेंडिंग (संशयित) सेक्टरचे आकडे शून्य आहेत का ते बघा.

पांढरंसोनं | १२ एप्रिल, सकाळी ७:३०

डिस्क साडेचार वर्षांच्या आहेत. रात्रभर तपासणी केली. तीन डिस्कवर दोन्ही आकडे ०. चौथीवर रीअलोकेटेड ८, पेंडिंग ०. ८ आधीपासून होते की आत्ता झाले, कळायला मार्ग नाही, आधी कधी बघितलंच नव्हतं. वहीत तारीख घालून लिहून ठेवलेत.

गोदाकाठ | १२ एप्रिल, सकाळी ९:००

८ वर थांबले तर राहू द्या. दर आठवड्याला वाढायला लागले तर बदला.

नवखा_हिंगोली | १२ एप्रिल, रात्री ९:१०

एक विचारतो. आमच्याकडं उन्हाळ्यात व्होल्टेज फार पडतं, शेतीपंप चालू झाले की बल्ब पिवळा होतो. त्यानं पंखा हळू होऊन वॉर्निंग येते का?

तूर_लातूर | १२ एप्रिल, रात्री १०:००

छताचा पंखा हळू होतो, हा नाही. संगणकाचा पंखा १२ व्होल्ट डीसीवर चालतो आणि ते १२ व्होल्ट एसएमपीएस, म्हणजे संगणकातला वीजपुरवठ्याचा डबा, बनवतो. आत २३० येवो की १८०, जोवर एसएमपीएस तग धरून आहे तोवर बाहेर १२ च. फार पडलं तर मशीन बंद पडेल, पंखा हळू होणार नाही. सेन्सरमध्ये १२ व्होल्टची ओळ बघा, ११.४ ते १२.६ मध्ये असली पाहिजे.

एक खूण सांगतो. सगळे पंखे एकदम कमी दाखवायला लागले तर एसएमपीएस किंवा बोर्ड बघा. एकटाच दाखवत असेल तर तो पंखा, त्याची वायर किंवा त्याचा कनेक्टर. आणि वाचन ० पण पातं व्यवस्थित फिरतंय असं दिसलं तर वेग सांगणारी वायर तुटली आहे. माझ्याकडं आलेल्या अशा दोन मशीनमध्ये ती उंदरानं कुरतडलेली होती. चार वायरींपैकी तेवढीच तुटली तर पंखा फिरतो, फक्त बोर्डाला कळवत नाही.

दुधना | १२ एप्रिल, रात्री १०:२५

यात भर. वाय-स्प्लिटर लावून एका पिनांवर दोन पंखे लावले असतील तर वेग एकाचाच कळतो. दुसरा मेला तर बोर्डाला पत्ताच नसतो.

लाइट जाण्याचा एक वेगळाच धोका मी ऑफिसात बघितला. पंखा अडकलेला असताना लाइट गेली. परत आल्यावर बोर्ड नव्यानं उठला, त्या पिनांवर त्याला काही फिरताना दिसलं नाही, तर त्यानं तिथं पंखाच नाही असं धरलं. वाचन ० नाही, कोरंच. वॉर्निंगही नाही. तेव्हापासून मोठा पॉवरकट झाला की मी एकदा पंख्यांची यादी डोळ्यांनी मोजतो.

पांढरंसोनं | १३ एप्रिल, दुपारी ४:००

सासूबाई म्हणतायत कूलर सर्व्हरसमोर लावू. त्यांना आता माझ्यापेक्षा जास्त काळजी लागली आहे, आत्याच्या ओव्यांमध्ये त्यांच्या आईचाही आवाज आहे. लावला तर चालेल का?

तूर_लातूर | १३ एप्रिल, संध्याकाळी ५:२०

समोर नको. कूलर हवा गार करतो पण ओलीही करतो. बोअरचं पाणी जड असतं. वाळ्याच्या ताटीवर पांढरे क्षार बसलेले तुम्ही बघितले असतील, पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर तेच उडून आत जातात. मी असे बोर्ड बघितलेत, रॅमच्या पिनांवर पांढरी भुकटी. आणि ओली हवा अधिक रुईचे तंतू म्हणजे हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये घोंगडीसारखा थर बसतो, तो फुंकून निघत नाही. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत, त्याची हवा माणसांकडं. सर्व्हरला साधा टेबलफॅन चालेल.

गोदाकाठ | १३ एप्रिल, रात्री ९:३०

आणि देवळीतून काढा ताई. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. माळवदाची आतली खोली गावातली सगळ्यात गार जागा असते, ती सोडू नका. पण देवळी तीन बाजूंनी बंद. मागून निघालेली गरम हवा भिंतीला आपटून तुमच्याच पुढच्या पंख्यात परत येते. हाताच्या पंजाइतकी जागा मागं आणि वर मोकळी हवी.

अजून एक. बीएमसीला डिस्कचं तापमान कळतच नाही. तो प्रोसेसर आणि बोर्डावरचे सेन्सर बघून पंखे चालवतो. तुमचा प्रोसेसर दिवसभर आरामात ४५ वर बसतो, म्हणून बीएमसीला सगळं आलबेल वाटतं आणि डिस्क मात्र तापत राहतात. म्हणून डिस्कसाठी वेगळा पहारा बसवा. स्मार्टडी, म्हणजे डिस्कवर सतत लक्ष ठेवणारा प्रोग्राम, त्याच्या सेटिंगमध्ये डब्ल्यू पर्यायाला ४,५०,५५ द्या. ४ अंशांचा फरक पडला की लॉगमध्ये नोंद, ५० ला पुन्हा नोंद, ५५ ला इशारा. ईमेल ट्रूनॅसमधून जोडा, फोनवर येईल. एक पंखा, एक वाचन, एक मर्यादा यावर सगळी भिस्त ठेवली म्हणून हे झालं.

पांढरंसोनं | १९ एप्रिल, रात्री ८:२०

नवा पंखा आला, बसवला. दोन्ही पंख्यांची फुल कसोटी: फॅन-२ १५००, फॅन-ए १५००. मर्यादा ० १०० २०० अशा घातल्या. मग हिंमत करून खरी परीक्षा घेतली. पेन्सिलीच्या मागच्या रबरानं फॅन-ए चं पातं धरून थांबवलं. सात-आठ सेकंदांत बाकीचे पंखे सुटले आणि लॉगमध्ये ओळ पडली. फेब्रुवारीत ज्या आवाजाचा मला राग यायचा, तो ऐकून या वेळी बरं वाटलं.

काल दोन तास लाइट नव्हती. आल्यावर बघितलं तर मर्यादा परत ५०० वर गेलेली!

गोदाकाठ | १९ एप्रिल, रात्री ९:०५

काही बोर्डांवर बीएमसी पूर्ण बंद होऊन उठला की असं होतं. ट्रूनॅसमध्ये इनिट स्क्रिप्ट (मशीन चालू होताना आपोआप चालणारे आदेश) असतात, तिथं पोस्ट-इनिटला मर्यादेचा तोच आदेश ० १०० २०० घालून टाका. दर वेळी चालू होताना आपोआप बसेल.

पांढरंसोनं | २० एप्रिल, सकाळी ७:५०

टाकला, बंद-चालू करून बघितलं, टिकतंय.

सर्व्हर आता भिंतीपासून दीड वीत पुढं, सागवानी चौरंगावर. माळवदातून माती गळते म्हणून वर उंचावर फळी ठोकली. समोर रुई अडवायला काय लावू? जुन्या साडीचा पदर लावावा असं वाटत होतं.

दुधना | २० एप्रिल, सकाळी ९:४०

साडी नको ताई, विणकाम घट्ट असतं, हवाच अडते. मच्छरदाणीची नायलॉनची जाळी एकपदरी ताणून लावा. बारीक धूळ जाईल, जाऊ द्या, पण लांब तंतू जाळीवरच अडकतो आणि दिसतो. जाळी पांढरी झाली की ओल्या फडक्यानं पुसायची. हंगामात दर रविवारी, एरवी महिन्यातून एकदा. लावायच्या आधी आणि नंतर डिस्कचं तापमान लिहून घ्या. दोन अंशांपेक्षा जास्त वाढलं तर जाळी मोठ्या छिद्रांची घ्या.

पांढरंसोनं | २१ मे, दुपारी २:३०

आज बाहेर ४३ आहे. खोलीत ३६. डिस्क: ४७, ४९, ४८, ४७. फॅन-ए ११००, फॅन-२ १०००. जाळी लावल्यानं एक अंश वाढला होता, तेवढा चालवून घेतलाय. चौथ्या डिस्कचे रीअलोकेटेड अजून ८ च. महिन्याभरात लॉगमध्ये एकच ओळ आहे, ती माझ्या पेन्सिलीची.

यूएसबीवरची प्रत भावाकडं आहे, आणि तिसरी आत्याच्या लेकीनं पुण्याला नेली. काल तिनं फोन करून तिकडूनच एक ओवी ऐकवली. सासूबाईंनी स्पीकर कानाशी धरला आणि मागच्या आवाजांतला तिसरा आवाज माझ्या आईचा, असं बोट वर करून दाखवलं.

नवखा_हिंगोली | २१ मे, दुपारी ३:१०

ताई, तुमचं वाचून मी पण आज झाकण उघडलं. मागच्या पंख्याच्या आसाभोवती तीन वेढे निघाले. आमच्या गल्लीत जिनिंग नाही, पण गादीवाल्याचं दुकान आहे.

दुधना | २१ मे, दुपारी ३:२५

तीच रुई भाऊ. हातानं फिरवून बघितला का? कसा थांबतोय?